हुनच्युनची बायको

छाओ युनश्याचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं मध्यस्थ बाईला एकच प्रश्न विचारला होता. "मुलगा नाटकात कोण होतो?"

"राजा होतो," बाई म्हणाली.

आई खूश झाली. कसला राजा ते तिनं विचारलं नाही, आणि मध्यस्थ बाया न विचारलेलं सांगत नसतात. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत युनश्या माहेरच्या बायकांना घेऊन अगदी पुढे जाऊन बसली. टिमकी कडाडली आणि फान शौरन बाहेर आला. अंगात पिवळा झगा, डोक्यावर मण्यांच्या झालरीचा मुकुट, आणि नाकावर पांढऱ्या रंगाचा चौकोन, टोफूचा तुकडा चिकटवावा तसा. म्हणजे विदूषक. माहेरच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"अगं युनश्या, तुझा राजा तर हुनच्युन निघाला!"

हुनच्युन, म्हणजे अक्कल झाकोळलेला, कानाचा हलका राजा. युनश्या हसली नाही. तिला राग आला होता आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. राळ्याच्या पेजेचा वाडगा नवऱ्यापुढे आदळत ती म्हणाली, "राजाच व्हायचं होतं तर दुष्ट तरी व्हायचंस. लोक घाबरले असते."

फान तेव्हा पंचविशीचा होता, लांब मानेचा आणि पडेल खांद्यांचा. रागावलेल्या बायकोकडे तो कौतुकानं बघत राहिला. "दुष्ट राजाचं काम सोपं असतं," तो म्हणाला. "डोळे वटारायचे, पाय आपटायचे, झालं. दुष्ट राजा म्हणजे भर दुपारचं ऊन. कुठून भाजतंय ते सगळ्यांना दिसतं. हुनच्युन म्हणजे दिवेलागणीची वेळ. अंधार पडलेला नसतो, माणसं दिसतात, पण सुई ओवता येत नाही. आणि त्याला वाटत असतं की अजून चांगला दिवस आहे. त्यातलं पहिलं अक्षर लिहितात कसं माहीत आहे ना? सूर्य खाली, तळाशी."

"मला लिहिता येत नाही."

"सुई ओवता येते ना? मग पेट्या सांभाळ माझ्या."

अशी ती नाटकमंडळीच्या पोशाखांच्या पेट्यांवर येऊन बसली. झगे, चपला, दाढ्या, मुकुट, सगळं तिच्या ताब्यात. पिवळा झगा कोणत्या पेटीत वर ठेवायचा आणि कोणता कधीच उलटा ठेवायचा नाही, याचे नियम तिनं महिन्याभरात शिकून घेतले आणि मग तीच इतरांना शिकवायला लागली. बोलायला तिखट, हाताला झपाटा. मंडळीतले लोक तिला टरकून असत.

हुनच्युन हा शब्द फन नदीच्या काठी शेंबडं पोरही वापरतं. बायकोचं न ऐकता बाजारातून मरतुकडं गाढव घेऊन आलेला नवरा हुनच्युन. धाकट्या सुनेनं पाय चेपले म्हणून थोरलीला परसात झोपायला लावणारी सासू, ती बाई असली तरी हुनच्युनच. पत्ते खेळताना शेजाऱ्याच्या सल्ल्यानं हुकमाचं पान आधीच टाकून बसणारा तोही. पण हे सगळं चेष्टेतलं. ज्याला म्हटलं तोही हसतो आणि विषय संपतो. खऱ्या अर्थानं हा शब्द वापरतात तो मेलेल्या राजांसाठी. राजा जिवंत असेपर्यंत चूक त्याची कधीच नसते. चूक प्रधानाची असते, जनानखान्यातल्या खोज्याची असते, देखण्या राणीची असते. राजा आपला भला, भोवतालचे नालायक. तो गेला, घराणं बुडालं, शत्रू वेशीच्या आत आला, की मग कुणीतरी हळूच म्हणतं, हुनच्युन होता. जिवंत राजाला तोंडावर असं म्हणणारा माणूस फक्त नाटकात असतो, आणि नाटकातसुद्धा पुढच्याच प्रवेशात त्याचं डोकं जातं.

नाटकात ते डोकं उडवायचा हुकूम फान द्यायचा. त्याच्या गाजलेल्या प्रवेशात राजा फुलांच्या बागेत बसलेला असतो आणि म्हातारा प्रधान सरहद्द पडल्याची बातमी घेऊन धावत येतो. राजा ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि गोड आवाजात म्हणतो, "याला घेऊन जा आणि याचं डोकं आणा. पण जरा हळू चाला रे, पाकळ्या गळतील." हे वाक्य तो अशा जिव्हाळ्यानं म्हणायचा की आधी हशा पिकायचा आणि मग मैदानभर शांतता पसरायची. ती शांतता ही फानची खरी कमाई होती. पाच तालुक्यांत तसा हुनच्युन दुसरा कुणी करत नव्हता.

आणि ती शांतता बरोबर तिथेच पडायची, याचं निम्मं श्रेय दुआन छांगगंगचं होतं. दुआन टिमकी वाजवायचा. आमच्या नाटकात सगळे वादक टिमकीकडे बघून वाजवतात, नट टिमकीवर पाय टाकतात, राजाची मानसुद्धा टिमकीशिवाय वळत नाही. त्या वाक्यानंतर दुआन टिपरी वर धरायचा आणि खाली आणायचाच नाही. श्वास कोंडेपर्यंत. मग एकच ठोका. फानपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असलेला हा माणूस बोलायचा फार कमी आणि बोलला तर सरळ तोंडावर.

मधे अशी वर्षं आली की राजे, प्रधान, राण्या यांच्या नाटकांवर सरकारची बंदी आली. पेट्या अंगणात आणून रिकाम्या केल्या गेल्या आणि युनश्यानं झालर लावलेला मुकुट जळताना पाहिला. फान आणि दुआन शेणखताच्या गाड्या ओढायला लागले. त्या वर्षांत हुनच्युन हा शब्द गावात कुणी चेष्टेतही उच्चारला नाही. कुणाला म्हणालास, असं विचारणारे फार झाले होते. बायका नवऱ्यांना गाढव म्हणायच्या, बैल म्हणायच्या, पण तो शब्द गिळायच्या. गाडी ओढून दमल्यावर दुआन गाडीच्या कडेवर बोटांनी ताल धरायचा आणि फान ओठ न हलवता आख्खा प्रवेश मनात म्हणायचा. युनश्या भाकऱ्या घेऊन यायची तेव्हा तिला दोन माणसं गप्प बसलेली दिसायची, आणि तिला कळायचं की नाटक कुठवर आलंय.

पुढे बंदी उठली. फाननं पुन्हा मंडळी उभी केली आणि स्वतः तिचा मालक झाला. युनश्यानं गावातल्या बायकांना हाताशी धरून नवा पिवळा झगा शिवला. दुआन आपली टिमकी घेऊन आला. करार नाही, कागद नाही. "ये," म्हटलं, तो आला.

फानचे कान कधी जायला लागले, हे युनश्याला नेमकं सांगता आलं नसतं. साठी उलटली तेव्हा तो म्हणायला लागला, "तू हल्ली पुटपुटतेस." ती मोठ्यानं बोलायला लागली. मग म्हणायला लागला, "पोरं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." पोरं भेटून गेली की ती त्याला काय बोलणं झालं ते पुन्हा सांगायची, जरा नीट करून, टोकं घासून. थोरला मुलगा म्हणाला होता, "बाबा, आता नाटक पुरे करा, लोक कंटाळले." तिनं सांगितलं, "तब्येत सांभाळा म्हणतोय." यात तिला वावगं वाटलं नाही. म्हाताऱ्याचा मान राखला, आणखी काय.

रंगमंचावर ते सावरणारा दुआन होता. त्यानं आपलं स्टूल पुढे ओढून घेतलं, फानला टिपरी दिसावी म्हणून. ठोका द्यायच्या आधी हात खांद्याच्या वर न्यायला लागला. फान चुकला, मागे राहिला, की दुआन ताल लांबवायचा, त्याच्यासाठी थांबायचा आणि मग सगळ्यांना पुढे घेऊन जायचा. त्यामुळे प्रयोग रेंगाळायला लागले. सारंगीवाले कुरकुरायला लागले. फानचा मोठा शिष्य लू त्यानबाओ म्हणाला, "दुआनकाकांचा हात जड झालाय." तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे दिसलं ते तो बोलला. गुरूला आवडेल असंच त्याला दिसायचं, एवढाच त्याचा दोष.

आणि फानला ते लगेच पटलं. कारण त्यालाही टिमकी बारीक ऐकू येत होती.

नव्या वर्षाच्या सुट्टीनंतरची पहिली तालीम होती. फान मधेच थांबला. "छांगगंग, तू टिमकी वाजवतोयस की कणीक तिंबतोयस? जीव नाही राहिला हातात."

"टिमकी बरोबर आहे, दादा."

"म्हणजे माझे कान खोटे?"

दुआननं युनश्याकडे पाहिलं. ती पेटीपाशी झगा घडी करत होती. तिनं घडी पूर्ण केली, मग तीच घडी पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली. दुआन उठला. टिमकी काखेला मारली. फान राजाच्याच थाटात हात उडवत म्हणाला, "जा, विश्रांती घे. तुझं वय झालं." त्यानबाओ दारापर्यंत पोचवायला गेला. अगदी अदबीनं.

दुआन गेला आणि त्याच्या मागोमाग गावोगाव बोलणं गेलं. फान शौरनसारख्या माणसानं पस्तीस-चाळीस वर्षांच्या साथीदाराला काढला, म्हणजे हात नक्कीच गेला असणार. दुसऱ्या मंडळींनी त्याला विचारलं नाही. अंत्ययात्रेत वाजवणाऱ्यांनीसुद्धा विचारलं नाही. वसंतात युनश्याला गिरणीवर दुआनची बायको भेटली. पिठाची गोणी खाली न ठेवता ती म्हणाली, "वहिनी, खरं सांगा. याच्या हाताला काय झालंय? घरी विचारलं तर बोलत नाही. काल बोरं निवडत बसला होता, बोटं कशी झरझर चालत होती. मग लोक असं का म्हणतात?"

"वय झालं गं," युनश्या म्हणाली, आणि पीठ न चाळताच घरी आली.

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. म्हाताऱ्याला सांगायचं तर काय सांगायचं? की तू बहिरा झालायस? बहिरा नट म्हणजे मेलेला नट. मंडळी मोडेल. आणि न सांगायचं तर दुआनचं नाव गिरणीवर सांडलेल्या पिठासारखं तिथेच पडून राहील. ती त्यानबाओवर चडफडायची. त्यानंच कान भरले, तोच खोजा, तोच नालायक. असं म्हटलं की तिला थोडा वेळ बरं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात देवाच्या वाढदिवसाची जत्रा आली. ज्या गावी ही जत्रा भरते तिथे रंगमंच देवळाच्या अगदी समोर आहे. नाटक देवासाठी असतं. देवळाची दारं उघडी ठेवतात, देव आतून बघतो, आणि माणसं मधल्या पटांगणात बसून, म्हणजे देवाच्या पंक्तीला बसून बघतात. तिथे चुकणं वेगळं. टिमकीसाठी त्यानबाओनं शेजारच्या तालुक्यातून एक चाळिशीचा माणूस भाड्यानं आणला होता. आडनाव मान, म्हणून मान गुरुजी म्हणायचे त्याला. डोकं गरम, पण हात पक्का.

पहिल्या दिवशीच तो प्रवेश होता. प्रधान धावत आला. फान मान डोलवायला लागला, पण ताल केव्हाच पुढे गेला होता. मान गुरुजी कुणासाठी थांबणारा नव्हता आणि का थांबावं ते त्याला माहीतही नव्हतं. राजाचं वाक्य टिमकीच्या खाली गेलं. फान पुन्हा म्हणाला. प्रधानाचं काम करणारा बिचारा, त्याला आतापावेतो नेऊन डोकं उडवायला हवं होतं, तो तिथेच उभा. लोक आधी हसले, विदूषकाची काहीतरी नवी करामत असेल म्हणून. मग हसणं थांबलं. ही शांतता वेगळी होती. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं देवळाकडे वळून हात जोडले.

आत आल्यावर फान म्हणाला, "उशी बडवतो की काय हा माणूस? उद्या दुसरा बघ, त्यानबाओ."

"बघतो, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रंगायला बसले. रंगायला म्हणजे बसून राहायला. आमच्याकडे विदूषकानं नाकाला पांढरा रंग लावल्याशिवाय दुसरं कुणी कुंचला उचलत नाही. सेनापती असो की राणी असो, थांबायचं. फार पूर्वी एक खराखुरा राजा हौसेनं विदूषक व्हायचा म्हणे, त्याच्या मानाखातर. तेव्हा सगळी मंडळी उघड्या चेहऱ्यांनी, गरम पाण्याचे पेले हातात घेऊन बसली होती आणि फान आरशापुढे बसून बोलत होता. दुसरा टिमकीवाला काही मिळाला नव्हता. मान गुरुजीच होता, दारात उभा.

"मान गुरुजी," फान आरशातूनच म्हणाला, "आज जरा दमानं आणि दमदार. काल काही ऐकू येईल असं वाजवलंच नाहीत तुम्ही."

मान गुरुजी भडकला. "म्हातारबुवा, माझी टिमकी नदीपलीकडच्या कुत्र्यांना ऐकू गेली! भुंकत होती ती! तुम्हालाच ऐकू येत नाही, तर मी काय तुमच्या कानात बसून वाजवू?"

फाननं त्यानबाओकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

त्यानबाओ हसला. "माफी मागतोय, गुरुजी. आज चुकणार नाही म्हणतोय."

"बरं, बरं," फान म्हणाला. मान डोलावली. अगदी तशीच, प्रयोगातल्यासारखी.

युनश्या त्याच्या मागे उभी होती, पिवळा झगा दोन्ही हातांवर घेऊन. त्यानबाओचं ते गोड उत्तर तिनं ऐकलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तब्येत सांभाळा म्हणतोय. बरं आहे म्हणतात. वय झालं गं. घरात इतकी वर्षं हेच ती करत आली होती, आणि चडफडत होती त्या पोरावर. झगा हातात जड झाला. तिनं नवऱ्याच्या पाठीकडे बघत, नेहमीच्या आवाजात, म्हणजे जेवायला चल म्हणतात तेवढ्याच आवाजात म्हटलं,

"हुनच्युन."

कुणाच्या तरी हातातला पेला खाली आपटला. मान गुरुजीनं तोंड मिटलं. त्यानबाओ पांढराफटक पडला. लग्नानंतरच्या त्या पहिल्या जत्रेपासून आजवर फान शौरनला घरात कुणी तो शब्द म्हटला नव्हता. तो त्याचा धंद्याचा शब्द, घरात आणायचा नाही असाच रिवाज पडून गेला होता. आणि चेष्टेत म्हटला तर कसा म्हणतात ते सगळ्यांना माहीत होतं. हा तसा नव्हता.

फान कुंचला शोधत होता. तो वाटीच्या मागे घरंगळला होता. सापडला तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि आरशात त्याला सगळी मंडळी दिसली. रंग नसलेले चेहरे, सगळे त्याच्याकडे टक लावून बघणारे. घाबरलेले. त्यानं आरशातल्या प्रत्येकाकडे एकेकदा पाहिलं. शेवटी बायकोकडे.

"काय झालं? काय म्हणालीस?"

युनश्यानं झगा पेटीवर ठेवला, वाकली, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि तो शब्द पुन्हा म्हटला. मग म्हणाली, "मी मघाशी सगळ्यांसमोर म्हटला. सगळ्यांनी ऐकला. तू ऐकला नाहीस. मान गुरुजी माफी मागत नव्हता, शिव्या देत होता. दुआनचा हात ठीक आहे. तो तुझ्यासाठी थांबत होता. त्याला तू काढलंस."

हे ती ओरडत होती. बाहेर पटांगणात भुईमुगाच्या शेंगा विकणारा गप्प झाला असेल, इतक्या मोठ्यानं.

फान आरशात बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला आणि गेला. मग त्यानं एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यानबाओला म्हणाला, "काहीतरी बोल. तोंडावर हात ठेवून बोल."

त्यानबाओनं तोंडावर हात ठेवला. काय बोलला कोण जाणे, पण बोलता बोलता रडायला लागला. फान त्याच्या हाताकडे बघत होता. खांदे हलत होते ते दिसलं. आवाज नव्हता.

"किती दिवस?" फाननं बायकोला विचारलं.

"दोन वर्षं. जास्तच."

"आणि छांगगंगला माहीत होतं?"

तिनं मान डोलावली.

बाहेर सनई सुरू झाली होती, लोक बसायला लागले होते. फाननं कुंचला बुडवला, नाकावर पांढरा ठिपका टेकवला, म्हणजे बाकीच्यांना आपलं काम सुरू करता यावं, आणि कुंचला त्यानबाओच्या हातात दिला. "राजा तू कर. वाक्य घाईनं म्हणू नकोस." मग तो उठला आणि आपल्या साध्या निळ्या कोटात, नाकावर तेवढा एक ठिपका घेऊन रंगमंचावर गेला.

युनश्या आतल्या दाराच्या फटीतून बघत होती. तो लोकांकडे बघत नव्हता. समोर देवळाच्या उघड्या दाराकडे बघत होता, आणि बहिरी माणसं बोलतात तसा गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होता.

"देवा, काल तुझ्यासमोर प्रयोग नासला. दोष टिमकीचा नव्हता. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं येत नाही. दुआन छांगगंग मला सांभाळत होता आणि मी म्हटलं त्याचा हात गेला. हात त्याचा शाबूत आहे. कान माझे गेलेत. त्याच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं असेल तर ते माझ्यामुळे. मी आजपासून रंगणार नाही."

पुढे बसलेल्या म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "हे नाटकात नवीन घातलंय का गं?"

"नाही, मावशी. हे खरं आहे."

"अगंबाई," म्हातारी म्हणाली, आणि हातातली शेंग तशीच धरून बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवासमोर बोललेल्यावर टाळ्या वाजवत नाहीत. फान वाकून नमस्कार करून आत आला आणि पेटीवर बसला. युनश्यानं ओल्या फडक्यानं त्याच्या नाकावरचा ठिपका पुसला. त्यानबाओनं राजा केला. वाईट केला नाही, हेही सांगायला हवं. वाक्यावर लोक हसले, पण त्या हसण्यानंतर शांतता पडली नाही. ती पुन्हा कधी पडेल की नाही, सांगता येत नाही.

जत्रेत जे बोललं जातं ते चार दिवसांत नदीच्या दोन्ही काठांना पोचतं. आठवडा झाला नाही तोच पलीकडच्या मोठ्या मंडळीचा माणूस दुआनच्या दारात उभा राहिला. चांगली मंडळी, शहरात प्रयोग, राहायला जागा. दुआननं हो म्हटलं.

फान त्याला भेटायला दोनदा निघाला आणि दोनदा वेशीवरून परत आला. निघायच्या सकाळी शेवटी युनश्या एकटीच गेली. फडक्यात गरम वाफवलेले पाव बांधून घेतले होते, मधे बोर घातलेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाद्या, भांडी, आणि रजईत गुंडाळलेली टिमकी. दुआनची बायको वर बसलेली, तिनं युनश्याकडे पाहून मान दुसरीकडे वळवली. दुआन खाली उभा होता, दोरी आवळत.

"तो येणार होता," युनश्या म्हणाली. "पाय उचलत नाहीयेत त्याचे."

"असू दे."

"देवासमोर त्यानं सगळं सांगितलं."

"कळलं मला. गिरणीवर सगळ्यांना कळलं."

"मग परत ये ना. मंडळी तुझीच आहे. त्यानबाओ पाया पडायला तयार आहे."

दुआन दोरीची गाठ मारत राहिला. मारून झाल्यावर त्यानं ती ओढून पाहिली. "दादावर राग नाही माझा, वहिनी. त्याचे कान गेले होते. तुझे शाबूत होते."

युनश्याच्या हातातले पाव फडक्यातूनही भाजत होते. "तू तरी कुठे बोललास?" ती म्हणाली. "तालमीत तोंड उघडलं असतंस तर..."

"मी बोललो असतो तर पोट वाचवायला बोललो असं झालं असतं. म्हणून तुझ्याकडे पाहिलं. तू घडी घालत होतीस."

मला वाटलं म्हाताऱ्याचा मान जाईल, असं ती म्हणणार होती, पण मग दुआनचा मान गेला तो कुणाचा, हे त्यानं विचारलं असतं, किंवा विचारलंही नसतं. तिनं पावांचं गाठोडं पुढे केलं. त्यानं ते घेतलं आणि बायकोच्या हातात दिलं. बायकोनं ते मांडीवर ठेवलं, सोडलं नाही. ट्रॅक्टर सुरू झाला. धुळीतून दुआननं एकदा हात वर केला, तो निरोपाचा होता की गादी सावरायला होता, ते कळलं नाही.

घरी फान खिडकीखालच्या, खालून चुलीची धग दिलेल्या झोपायच्या ओट्यावर बसला होता. ती आत येताच त्यानं मान वर केली.

"गेला?"

तिनं मान डोलावली.

"काय म्हणाला?"

राग नाही म्हणाला. हे तिच्या ओठांवर तयार होतं. खोटंही नव्हतं ते, निम्मं होतं. पण ती चपला काढून ओट्यावर चढली, त्याच्या कानाशी गेली आणि दुआन बोललेला शब्द न शब्द सांगितला. त्याचे कान, तिचे कान, पोट, झग्याची घडी, सगळं. इतक्या मोठ्यानं सांगावं लागलं की शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली.

फाननं ऐकून घेतलं. "हे तुला म्हणाला?"

"मला."

मग भिंतीकडे सरकून त्यानं उबेच्या बाजूला तिला जागा करून दिली.